भरल्या ताटावरून उठलो

सौ. माणिकबाईस मालवणच्या वाऱ्यावरून आशीर्वाद.

तब्येत ठीक आहे. गोपाल आणि सूनबाई रोज संध्याकाळी मला किनाऱ्यावर जेवायला नेतात. उघड्या आभाळाखाली टेबलं मांडलेली असतात. सोलकढी मी मागून मागून पितो. मूर्तिजापूरच्या शाळेत समुद्राच्या कविता घोकल्या, समुद्र मात्र आता पाहिला.

काल लाटा पाहता पाहता एक कविता ओठांवर आली, तेवढ्यात आपला पोरगा म्हणतो, "बाबा, वावर रामरावकाकाले अर्ध्या वाट्यानं, बटईनं कसायले द्यायचं ठरवलं. तुमी दोघं आता इथंच राहा."

"मले इचारलं काहून नाही?"

"तुमी नाहीच म्हटलं असतं."

भरल्या ताटावरून उठलो, माणिक. जन्मात असं केलं नव्हतं. सूनबाई रडली, तिचा दोष नाही. पण माझं डोकं अजून तापलेलंच आहे. समुद्र दाखवायला आणलं, की वावरापासून तोडायला?

फोनवर गोपाल शेजारीच असतो, म्हणून लिहितो. तो तुझ्याशी गोड बोलेल. रामराव रीतीचा माणूस आहे, मालकिणीच्या हातची सुपारी घेतल्याशिवाय वावरात औत घालणार नाही.

गुडघ्यांना तेल लावतेस ना?

मी पुढच्या आठवड्यात येतो. तोवर रामराव आला तर त्याला बसव, चहा पाज. सुपारी देऊ नको.

तुझाच,
गोवर्धन