शवपेटीमागची पहिली जागा

मी, आल्ब्रेख्त फोन राडेनित्स, वय वर्षे छप्पन, प्रशियाच्या राजसेनेतील पायदळाचा निवृत्त मेजर, राहणार ग्योर्लित्स, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे, आणि डॉक्टरांनी माझ्या हृदयाविषयी जे सांगितले ते ऐकूनही मला या क्षणी विलक्षण हलके वाटत आहे. माझ्या पश्चात माझी पत्नी ओटिली हिला तिच्या जागेवरून कोणी उठवू नये, एवढ्यासाठी हा लेख आहे. बाकीची कलमे त्याच्या पोटात येतात.

कलम पहिले. 'पत्नी' हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. गेल्या शनिवारी येथील नोंदणी कचेरीत आमचा विवाह झाला. तोवर गाव तिला माझे घर सांभाळणारी बाई म्हणून ओळखत होते. नाइसे नदीकाठचे घर, मागची बाग आणि माझे सर्व सरकारी रोखे मी तिला देत आहे. विवाह निवृत्तीनंतरचा असल्याने तिला विधवावेतन मिळणार नाही. म्हणून यात दुसऱ्या कोणाचाही वाटा असणार नाही.

कलम दुसरे. विवाहास विलंब का झाला, हे वारसांच्या माहितीसाठी नमूद करतो. फ्रान्सच्या युद्धाच्या आदल्या वर्षी मी कॅप्टन होतो. आमच्याकडे अधिकाऱ्याच्या लग्नाला राजाची परवानगी लागते, आणि अर्ज वर जाण्यापूर्वी वधूचे घराणे रेजिमेंटच्या प्रमुखांच्या पसंतीस उतरावे लागते. ओटिलीचे वडील दोरखंड वळत. कर्नलसाहेबांनी मला बसवून घेतले, चिरूट दिला.

"मुलगी गुणी आहे, राडेनित्स. माझ्या बायकोलाही आवडली."

"मग, साहेब?"

"मग काय? उद्या मेजवानीला तिच्या बापाला कुणाशेजारी बसवू, तूच सांग."

"माझ्याशेजारी."

"आणि तुझ्या दुसऱ्या बाजूला कोण बसेल रे?"

अर्ज त्या टेबलावरून पुढे सरकला नाही. मी ते ओटिलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मी स्वयंपाकघराच्या दारानं येते. त्या दाराला राजाची परवानगी लागत नाही ना?" युद्ध संपल्यावर ती त्या दाराने आली आणि राहिली.

कलम तिसरे. माझी दुर्बीण आणि खोगीर शेजारी श्री. क्नेबेल यांच्या थोरल्या मुलाला द्यावे. पदके नियमाप्रमाणे परत करावीत. शरद ऋतूतील ज्या युद्धसरावात माझी पुढील बढती ठरायची होती, त्यात मी माझी तुकडी बटाट्याच्या न काढलेल्या शेतातून न नेता बांधाने वळसा घालून नेली. पंचांनी निर्णय दिला की मी उशिरा पोहोचलो, सबब माझी बाजू हरली. निर्णय नियमाला धरून होता, शेतही वाचले. पुढे तो निळा लिफाफा आला, ज्याच्या धास्तीने आमच्यातले भले भले झोपेत दचकतात. मी तो न्याहारीच्या वेळी फोडला.

"वाईट आहे का हो, मेजर?" ओटिलीने विचारले.

"घरी बसा म्हणतात."

"बरं झालं. त्या खुर्चीत कुणी बसतच नव्हतं."

कलम चौथे. निवृत्त होताना मला गणवेश घालण्याचा हक्क ठेवला होता. जो तो हक्क ठेवतो, तो अधिकाऱ्यांच्या अब्रूचे खटले चालवणाऱ्या मानन्यायालयाच्या कक्षेतही राहतो, आणि दोरवाल्याच्या मुलीशी विवाह हा तेथे आरोप ठरू शकतो. म्हणून मी थांबलो होतो. गेल्या हिवाळ्यात आमचे परिचित कॅप्टन ल्युडेके यांची अंत्ययात्रा निघाली. त्यांचे घर सांभाळणारी आणि त्यांची शुश्रूषा केलेली बाई मिना शवपेटीजवळ उभी होती. व्यवस्था पाहणाऱ्या तरुण लेफ्टनंटने तिला सांगितले, "बाई, नोकरमंडळी मागं. गाडीवानाच्याही मागं." ती गेली. घरी परतताना ओटिली एवढेच म्हणाली, "आपला गाडीवान बरा आहे. माझ्याकडून तंबाखू घेतो. जागा देईल मला."

मी दुसऱ्याच दिवशी गणवेशाचा हक्क सोडत असल्याचे कळवले. मंजुरी आल्यावर माझा धाकटा भाऊ, कर्नल बोगिस्लाफ, श्टेटिनहून धावत आला.

"दादा, बंदुकांची सलामी नाही, बँड नाही. शेतकऱ्यासारखं पुरतील तुला."

"शेतकऱ्यांनाही नीटच पुरतात, बोगिस्लाफ."

"आणि मी कुठं चालायचं? त्या दोरवाल्याच्या मुलीमागं?"

"एक पाऊल मागं. जमेल तुला, तू कवायतीचा माणूस आहेस."

तो कॉफी न घेता गेला. त्याच्या वाटणीचा केक आम्ही दोघांनी खाल्ला.

गणवेशाचा कोट मी येथील नाटक मंडळीला आधीच दिला आहे. अट एकच: तो घालणाऱ्या नटाने जिंकणाऱ्या बाजूने लढावे. मला ते फारसे जमले नाही.

कलम पाचवे. वडिलांची तलवार घराण्याची आहे, ती बोगिस्लाफला द्यावी. माझ्या मनात त्याच्याविषयी राग नाही असे लिहिले तर ते असत्य होईल, आणि असत्य विधानाने दस्तऐवज कच्चा राहतो. राग आहे, तलवार मात्र त्याचीच आहे.

कलम सहावे, आणि सर्वांत महत्त्वाचे. माझ्या अंत्ययात्रेत शवपेटीमागे पहिली ओटिली असेल. तिच्या आणि पेटीच्या मध्ये कोणी येऊ नये, मग ते कोणत्याही हुद्द्याचे असोत. बोगिस्लाफ आला तर त्याचे स्वागत करावे आणि त्याची जागा त्याला नम्रपणे दाखवावी. ओटिलीचे गुडघे दुखतात आणि दफनभूमीची वाट चढाची आहे. तेव्हा पेटी उचलणाऱ्यांनी तिच्या पावलाने चालावे. ती थांबली तर त्यांनीही थांबावे. मला घाई नसेल.

हा लेख मी स्वहस्ते लिहिला, खालील दोघांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यादेखत सही केली. उद्या तो मी स्वतः न्यायालयात दाखल करीन.

साक्षीदार:
हाइनरिख पोष्मान, औषधविक्रेते
गॉटलोब क्नेबेल, शाळामास्तर

सही:
आल्ब्रेख्त फोन राडेनित्स

ग्योर्लित्स, १२ मे १८८६