दगडूला घरात ठेवण्याबाबत

मी, श्रीमती सरोज प्रभाकर टिपणीस, वय एकाहत्तर, राहणार डोंबिवली पूर्व, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. दगडू नावाचा बुल टेरियर या क्षणी माझ्या दोन्ही पावलांवर बसला आहे. ते दडपण कायद्यात धरत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहता फ्लॅट व ठेवी माझा एकुलता एक मुलगा साकेत यास विनाअट मिळाव्यात. दगडूला सांभाळण्याची अट घालण्याचा सल्ला मी मानला नाही. फ्लॅटसाठी कोणी त्याला ठेवून घेतलेले मला खपणार नाही.

२. यजमानांची हत्यारांची पेटी समोरच्या राजरत्न यांस द्यावी. सोसायटीच्या सभेत ते दगडूला 'हिंस्र जनावर' म्हणाले होते. पुढे त्यांचीच नात त्याच्या पोटावर डोके ठेवून घोरत पडायची. पेटीतल्या मोठ्या स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याने चावली आहे. तो वगळू नये.

३. दगडूविषयी. हा रागीट नाही, हट्टी आहे. ओरडलात तर त्याला गंमत वाटते. संध्याकाळी अंगात आल्यासारखा घरभर धावतो, तेव्हा आपापले गुडघे सांभाळावेत. पांढऱ्या रंगामुळे नाक उन्हात भाजते, म्हणून सकाळी लवकर फिरवावे, तेही पट्टा लावूनच. दुसरा कुत्रा दिसला की साहेबांची अक्कल गहाण पडते. डावा कान जन्मापासून बहिरा, त्यामुळे झोपेत मागून हात लावू नये. चिकनने खाज सुटते, मासे चालतात. सोडे मात्र वरच्या फडताळातच ठेवावेत, मेल्याने एकदा बरणी रिकामी केली आहे. आणि एकटे ठेवू नये. एकटा राहिला की आधी सोफा फाडतो, मग रडतो.

४. याबाबत साकेतला विचारले असता तो म्हणाला, "अगं आई, ठेवू ना बाल्कनीत." घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर! सूनबाई उर्वी म्हणाली, "नाहीतर चांगलं शेल्टर बघू, हल्ली मस्त असतात." मग तूच जाऊन राहा की गं चार दिवस!

५. ह्यांच्या दहाव्याला खाडीकाठी कावळा पिंडाला शिवेना. साकेत म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." उर्वीने हात जोडले. कावळा आपला झाडावर. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेव्हा मीच ओरडले, "अहो, ठेवते तुमच्या दगडूला! घरात ठेवते, झालं समाधान?" वास्तविक ह्यांनी मला न विचारता तो आणला, म्हणून मी आठवडाभर अबोला धरला होता. कावळा झटकन उतरला.

तेव्हा साकेत, माझ्या दहाव्याला भलतीसलती वचने देत उभा राहू नकोस. दगडूला घरात, माणसांत ठेवीन, एवढेच मोठ्याने म्हण. दर्भाचा कावळा करायचा नाही, हे गुरुजींकडून कबूल करून घेतले आहे. तुझा आवाज हुबेहूब ह्यांच्यासारखा आहे रे. तुझा फोन स्पीकरवर लावला की हा फोन चाटत बसतो, म्हणून दुसऱ्या कोणाला त्याला द्यायला माझा जीव होत नाही. जबरदस्ती नाही. पण तिथेही 'बाल्कनीत' म्हणालास, तर तुझी आई उपाशी जाईल.

सही: सरोज प्रभाकर टिपणीस

आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉ. स्वप्ना कर्णिक, दगडूच्या डॉक्टर
२. सुदेश गुरुजी

डोंबिवली, ५ मार्च २०२५