दुपारची गोळी

३ तारीख, सोमवार
लागले बाई एकदाची नोकरीला! औषधाच्या दुकानात, काचेमागे, पांढरा कोट घालून. गोळ्या ताटलीत ओतायच्या, पट्टीने पाच-पाच करून मोजायच्या, पाकिटात भरायच्या. मग फार्मासिस्ट मॅडम पुन्हा मोजणार. इथे एका हातावर कुणी विसंबत नाही. दुकानामागच्याच दोन खोल्या मिळाल्या. आधीची मोजणारी बाईही तिथेच राहायची म्हणे. आई खूश, पोरगी हाकेच्या अंतरावर. तिला हृदयाची गोळी रोज सकाळी एक, माझ्याच हाताने. दुसरी गेली तर नाडी मंदावते, म्हणून डबी माझ्या पर्समध्ये.

५ तारीख, बुधवार
दुकानात हृदयाच्या त्याच गोळ्या मोजताना आज एक कमी भरली. मॅडम म्हणाल्या, होतं सुरुवातीला. होतं काय होतं! पाढे पक्के आहेत माझे.

८ तारीख, शनिवार
सलग चौथ्या दिवशी एक कमी, आणि दर वेळी बाराच्या सुमारास. आई हल्ली नुसती पेंगते. आज म्हणाली, दुपारी कशाला धावत येतेस गोळी द्यायला, आणि हात किती गार गं तुझे. मी दुपारी दुकानातून हलतच नाही! पर्स उपसली. डबी पाहिली, गोळ्या बरोबर आहेत.

११ तारीख, मंगळवार
मॅडमना खोदखोदून विचारलं. आधीच्या बाईने सकाळची गोळी दिल्याचं विसरून दुपारी स्वतःच्या आईला दुसरी दिली. म्हातारी गेली. महिन्याभरात बाईही गेली, याच खोलीत. हे मला आधी सांगायला काय झालं होतं? संध्याकाळी आईला तपासून डॉक्टर म्हणाले, आता एक जरी जास्तीची गेली तर काही खरं नाही. उद्या चारला दवाखान्यात जागा मिळतेय.

१२ तारीख, बुधवार
साडेअकरा. रजा टाकली. दाराला कडी. फक्त बारा टळू देत.

पावणेबारा. मी उशाशी बसलेय, आणि आई दाराकडे बघून म्हणते, आलीस?

बारा. पांढरा कोट — माझा तर दुकानात — आई तोंड उघडतेय —

सव्वाबारा. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं तिचं. ती गार बोटं माझ्या बोटांमधून शिरायला बघत होती. आईने ओरबाडलं मला, पाय झाडले. पण सोडलं नाही. गेली ती बाई. एक गोळी पोटात गेली नाही. जिंकले!

आई रुसलीये. डोळे उघडे ठेवून रुसलीये. अगं, तुझ्यासाठीच ना — चारला गाडी — आई, एकदा रागाव तरी माझ्याव