पहिला मान यांचा

३ फेब्रुवारी

हे आज पहिलीच्या बाकावर बसून आले! गुडघे हनुवटीला. उठवायला एका बाजूने मुख्याध्यापिका, दुसऱ्या बाजूने ड्रायव्हर. पण नियम म्हणजे नियम — प्रतिष्ठानने काहीही द्यायचं तर आधी यांनी ते वापरून बघायचं. तेलाच्या धंद्यातली सवय. कुणी खराब माल गळ्यात मारू नये म्हणून. तेलविहिरी विकल्या, टँकर विकले, आणि त्यातून आपल्या भागासाठी हे प्रतिष्ठान काढलं. सवय तेवढी राहिली. तेल गेलं, तूप गेलं, हाती प्रतिष्ठान आलं!

५ फेब्रुवारी

प्रसूतिगृहातल्या खाटेवर आडवे झाले. नर्सला हसू आवरेना. मी म्हटलं, "आता पाळणाही बघा." यांनी खरंच पाळण्याकडे पाहिलं!

९ फेब्रुवारी

ऑफिसचा जिना चढताना आज परत धाप. मध्येच थांबून भिंतीचा रंग बघायचं नाटक. मीही थांबते. मलाही लागतो दम, पण माझं सोड, मी कधी पळणारी होते!

डॉक्टरांचं नाव काढलं की एकच उत्तर — "तेलातला माणूस गंजत नाही." सासरे याच वयात गेले. थोरले दीरही. दोघेही बसल्या जागी. मला भीती वाटते, फार वाटते. यांना सांगितलं तर हसण्यावारी नेतील.

१० फेब्रुवारी

युक्ती सुचली!

१२ फेब्रुवारी

प्रतिष्ठानची बैठक. मी एरवी तोंड उघडत नाही. आज उघडलं — आपल्या दवाखान्याला हृदय तपासायचं मशीन हवं. "वहिनी, हे मध्येच काय?" धाकटे दीर. बैठकीला आलेल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान डोलावली. ओळखलं त्यांनी!

मंजूर. मशीन आल्यावर त्याच्याखाली पहिलं कोण झोपणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

४ मार्च

मशीन आलं. आणि झोपले की शर्ट काढून, आपणहून! छातीला वायरी लावल्या तर म्हणे, "गुदगुल्या होतात."

डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत. धाप लागते ती वजनाने. पोट कमी करा. "ऐकलंस?" म्हणून यांनी असा काही तोरा मिरवला! मिरवू देत. मी पदराआड डोळे पुसले. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग यांना चेव आला. "आता हिला झोपवा. मशीन हिनेच मागितलंय!" मी त्या आनंदात कशालाही हो म्हटलं असतं. सगळ्यांना पडद्याबाहेर काढून नर्सने वायरी लावल्या. डॉक्टरांनी कागदाची पट्टी पाहिली आणि नर्सला सांगितलं, "परत एकदा लावा." पडद्याबाहेरून यांचं चालूच — "बिघडवलंस ना नवं मशीन?"

कुणी हसलं नाही. मला उठूही दिलं नाही.

६ मार्च

अजून इथेच. उद्या मोठ्या हॉस्पिटलात नेणार, ऑपरेशन लागेल म्हणतात. हे खुर्ची ओढून खाटेजवळ बसलेत. मीच दोन टोमणे मारून पाहिले. नुसता माझा हात धरून ठेवलाय, सगळ्यांसमोर. तेव्हा कुठे मला माझ्यासाठी भीती वाटली.