पन्नासपैकी छत्तीस

सोलापूर,
रविवार सकाळ

प्रिय धुळाप्पा,

फट्! आठवतो का रे तो आवाज? सांगोल्याच्या आठवडी बाजारात सोडावाला अंगठ्यानं गोळी आत ढकलायचा, बाटली आधी फट् करायची आणि मग चिमणीसारखी चिवचिवायची. आपल्या दोघांत मिळून एक बाटली. तू तीन घोटांत तुझा वाटा संपवायचास आणि माझ्या वाट्याकडं बघत बसायचास. परवा साठ वर्षांनी तोच आवाज माझ्या स्वयंपाकघरात झाला आणि त्यापाठोपाठ तुझी शिवबाई वहिनी ओरडली, "अहो मास्तर, कॅलेंडर भिजलं की!"

सांगतो सगळं, पण कागद शेवटपर्यंत वाच. फोनवर लेकीचं नाव काढलं की तू "रेंज न्हाय" म्हणून ठेवून देतोस. कागदाला रेंज लागत नाही. तुझ्या सुकन्यानं पुण्याहून चार बाटल्या धाडल्या. ती ज्या बिअरच्या कारखान्यात काम करते तिथं तिनं डाळिंबाची एक नवी बिअर केली आहे. बेल्जियम देशात मठातले साधू पिढ्यान्‌पिढ्या करत आले तशा पद्धतीची, नेहमीच्या बिअरपेक्षा जवळजवळ दुप्पट कडक. (हो, मठातले साधू. मीही दोनदा विचारून घेतलं.) सोबत एक गुणपत्रिका. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातल्या भरीवपणाला पाच आणि एकूण परिणामाला दहा. खाली तिच्या अक्षरात, "नाना, निबंध तपासायचात तसं तपासा. घरची म्हणून गुण वाढवू नका." चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला कोरी गुणपत्रिका दिसली की हात शिवशिवतो, मग विषय कोणता का असेना.

पहिल्या बाटलीच्या तळाशी गाळ दिसला. आपल्या पिढीला गाळ म्हणजे खोकल्याचं औषध, पिण्यापूर्वी हलवावे. मी चांगली दहा वेळा हलवली आणि मग उघडली. अर्धी छताला, अर्धी कॅलेंडरला. सुकन्या फोनवर इतकी हसली की माझ्या डोळ्यांपुढं तिची शाळेतली दोन वेण्यांची मूर्ती आली. "नाना, ते खमीर हाय, बिअर आंबवून दमून तळाशी झोपलंय. त्याला झोपू द्या की!" दुसरी बाटली मी फ्रीजमध्ये गारढोण केली आणि स्टीलच्या पेल्यात ओतली. नुसता गारवा, चव मुकी. वहिनी म्हणाली, "ह्यापरीस ताक बरं."

तिसरीला मात्र मी शहाणा झालो. काचेचा पेला घेतला, बाटली अर्धा तास फ्रीजबाहेर राहू दिली आणि मग गाळ न हलवता सावकाश ओतली. धुळाप्पा, रंग काय सांगू! मावळतीला विहिरीच्या पाण्यावर पडतो तसला तांबूस, वर मलईसारखा फेस. वास आला तो लवंगेचा, मग पिकल्या केळाचा, मग गुऱ्हाळावरच्या गरम काकवीचा. आणि यातलं तिनं काहीच घातलेलं नाही, ते सगळं त्या खमिराचं कर्तृत्व म्हणे. पहिला घोट घेतला आणि मला आपली चौथीची शाळा आठवली. बाकावर ताल धरून आपण कविता म्हणायचो, अर्थ कुणाला कळत नव्हता, पण छातीत काहीतरी चढत जायचं. हा घोट तसाच चढत गेला. भुजंगप्रयाताची चाल, पण शेवटी एक जादा जड अक्षर. ते जड अक्षर म्हणजे तिचा कडकपणा. चार घोटांनंतर मी चक्क मोठ्यानं कविता म्हणू लागलो. वहिनीनं पेला उचलून फडताळात ठेवला. या वयात आण्णा प्यायला लागला असं तू म्हणशील, तर म्हण. परीक्षकाला उत्तरपत्रिका वाचावीच लागते.

पण गुण देताना मी घरचा राहिलो नाही. डाळिंब कमी पडलं होतं. ते वर्गात उशिरा येतं आणि घंटेच्या आधी पळतं. वर शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा, दाण्यांमधल्या पांढऱ्या सालीसारखा. पन्नासपैकी छत्तीस दिले आणि तसं तिला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "बरोबर हाय नाना. बाजारातला माल लांब जायचा म्हणून आधीच तोडतात. झाडावर पिकून तडकलेलं फळ मिळालं असतं तर..." वाक्य तिनं तिथंच सोडलं. आणि हळूच विचारलं, "आप्पांची फळं तडकली का ह्या साली?"

गेल्या दोन वर्षांत तिनं तुझ्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही, कारण तूच म्हणालास की माझ्या डाळिंबाच्या बागेतला एक दाणासुद्धा तुझ्या पिंपात पडणार नाही. मलाही म्हणालास, "तूच शिकवलीस, तूच निस्तर." तिला आठवीपासून माझ्या घरी ठेवून शिकवली हे खरं आहे, आणि मला त्याचा पस्तावा नाही. ती दारूच्या नादी लागलेली नाही, धुळाप्पा. ती एका कामाच्या नादी लागली आहे, तू बागेच्या लागलास तशी. तूही रात्री-अपरात्री उठून कळ्या मोजत होतासच की.

तेव्हा हे पत्र लिहिण्याचं कारण आता सांगून टाकतो. पंधरा दिवसांनी ती याच बिअरचा मोठा घाणा लावणार आहे, आणि तो चांगला उतरला तरच तिची बिअर कारखान्यात कायमची राहील. ती तुझ्याकडं मागणार नाही, तुझीच लेक आहे. म्हणून मी मागतो. बाजार ज्याला हात लावत नाही, तू शेळ्यांपुढं टाकतोस, ती तडकलेली फळं तिला दे. देताना बोलू नकोस हवं तर, पण दे.

थांब, दारात कुणीतरी आलंय.

अरे, केराबाई आली आहे! तुझी बायको, एकटी, एस्टीनं, डोक्यावर पोतं घेऊन. चाळीस वर्षांत मोठा दीर म्हणून तिनं माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. आजही पदर पुढं ओढून वहिनीलाच म्हणाली, "आक्का, भावजीस्नी सांगा, फुटकी डाळिंबं हायती, पोरीला पोचती करा. आन् पोरीनं फोनवर सांगितलेली ती बाटली का काय, मला बी वाईच चाखू द्या. ह्यांला ठावं न्हाय मी आलेलं." वहिनी चौथी बाटली शोधायला आत पळाली. मी पोत्याचं तोंड सोडायला बसलो. सुतळीचे टाके सगळे उलट्या अंगानं घातलेत, डावखुऱ्या माणसाचे. आपल्या घरात डावखुरा एकटा तू.

ती सुतळी मी न कापता सोडवली आणि खिशात ठेवली.

तुझाच, टाके ओळखून गप्प बसलेला,
बिरप्पाआण्णा