आज्जा मेले

धारवाड,
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६

ती. राधाअक्कास,
धाकट्या परशुरामचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की मी जिवंत आहे.

अक्षर बघ म्हणजे पटेल. सातवीत शाळा सुटली, पण 'र'ची शेपूट अजून तशीच लांब जाते. त्याच शेपटीवरून तू मला टपल्या मारायचीस. शुक्रवारी मी फोनवर तुझ्याशी बोललो, तरी तू दीपकला म्हणालीस म्हणे, "त्या डब्यावर माझा विश्वास नाही. आता तो मेल्यावरसुद्धा बोलेल." तुझा नातू हसत होता, पण मला हसू आलं नाही. म्हणून कागद घेतला. आपल्या गावची रूपा आजच्या बसने तिकडे येतेय, तिच्या हाती देतो. दीपककडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

इकडे सर्व क्षेम. थंडी ओसरली. मिरच्या छान वाळल्यात, तुझ्यासाठी बाजूला काढल्यात. माझी प्रकृती उत्तम आहे.

महेश रविवारी आपल्या लेकीला, नेत्राला, इथून कायमचं गावी घेऊन जायला येतोय, असं कळलं. तो माझा मुलगा असला तरी तुझ्या शब्दाबाहेर नाही, आणि हा शब्द तुझा आहे. "आज्जा गेल्याची बातमी सगळ्या गावाला, आणि नातीचा फोन बंद! असला फोन कशाला आणि असली शाळा कशाला? नववी झाली तेवढी पुरे." असं तू म्हणालीस. अक्का, रविवारच्या आत हे पत्र नीट वाच.

आधी एक सांगतो. ती बातमी मीच पाठवली होती.

दचकू नकोस. माझी बोटं जाड, फोनवरची अक्षरं सापडत नाहीत. म्हणून नेत्राने मला शिकवलंय, माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, की मराठीत लिहून येतं. गच्चीवर जाताना मी 'घर' ग्रुपवर 'वर जातोय' असं टाकतो, उतरल्यावर 'खाली आलो' टाकतो. का टाकतो? काही विशेष नाही. सवय.

गेल्या गुरुवारी दुपारी मिरच्या उलटायला वर गेलो. माइक दाबला. तेवढ्यात खालून शेजारच्या जयलक्ष्मीची वेदश्री ओरडली. चार वर्षांची आहे, दिवसभर मला शोधत असते. "अज्जा, एल्लि?" म्हणजे आज्जा कुठे. मी कठड्यावरून वाकून ओरडलो, "अज्जा मेले!"

तुला ठाऊक आहे, आपण कन्नडात वरती असं सांगायला 'म्याल' म्हणतो. पण जयलक्ष्मी म्हैसूरकडची, ती आणि तिची पोर 'मेले' म्हणतात. त्यांच्याशी बोलताना मीही त्यांच्यासारखं शुद्ध बोलायला जातो. आपलं गावचं 'म्याल' म्हणालो असतो तर काहीच झालं नसतं. फोनला काय कळणार? त्याला मराठी सांगितलेलं, त्याने मराठी लिहिलं : आज्जा मेले. मी न वाचताच बाण दाबला आणि फोन कठड्यावर ठेवला.

स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच्या फोनवरून देणारा तुझा भाऊ पहिलाच असेल.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर घडलं. दीपकने वाचून दाखवलं, तू आंघोळ केलीस. ग्रुपवर फुलं पडली, भावपूर्ण श्रद्धांजली पडली. महेशच्या लग्नातल्या माझ्या फोटोला कुणीतरी हारसुद्धा घातला. मी तो फोटो पाहिलाय. फेटा छान दिसतो. आणि सगळ्यांनी मिळून नेत्राला फोन लावले, तर तो बंद.

तो बंद का होता, ते आता ऐक. त्यात माझीही लाज आहे.

नेत्राच्या शाळेत लांबून येणाऱ्या मुलांना फोन आणता येतो, पण वर्गात शिरताना तो बंद करून एका लाकडी पेटीत ठेवायचा. पेटीची किल्ली रोहिणी टीचरांकडे. हा नियम मोठ्यांनी लादलेला नाही. वर्गातल्या मुलांनीच बसून भांडून ठरवलाय आणि खाली सह्या केल्यात. मला तो मुळीच पसंत नव्हता. मी नेत्राच्या मागे लागलो होतो, "आवाज बंद कर, पण चालू ठेव. दप्तराच्या तळाशी ठेव. कोण बघतंय?"

ती म्हणाली, "आज्जा, तिथं माझी सही आहे."

"सही काय चाटायचीय? मला काही झालं तर?"

"तर शाळेच्या ऑफिसात फोन करायचा. नंबर भिंतीवर लावलाय. ग्रुपवर पण टाकलाय."

मी रागावलो. बुधवारी रात्री तिच्याशी न बोलताच जेवलो. गुरुवारी तिने डबा भरताना विचारलं, "रुसलात?" मी तोंड फिरवलं. अक्का, त्या दिवशी आपल्या घरच्या एकाही माणसाने शाळेत फोन केला नाही. नंबर सगळ्यांकडे होता. सगळे फुलं टाकत बसले.

तिला बातमी कळली ती सुमंतमुळे. वर्गातला वांड पोरगा. त्याने फोन पेटीत न ठेवता मोज्यात लपवला होता. त्याचा मामा आपल्याच गावचा, त्याने माझा हार घातलेला फोटो स्टेटसला लावलेला. सुमंतने बाकाखाली तो पाहिला आणि भर तासात नेत्राला दाखवला. "नेत्रा, हा तुझा आज्जा ना?"

पुढचं मला रोहिणी टीचरांनी सांगितलं. नेत्रा उभी राहिली. म्हणाली, "टीचर, पेटी उघडता का?" टीचरांनी उघडली. पोरीच्याने फोन सुरू होईना, शेवटी टीचरांनी करून दिला. ग्रुपवर फुलांचा ढीग. ती अंगठ्याने वर वर सरकत गेली, माझ्या त्या ओळीपर्यंत. आणि तिथे थांबली. ती ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली. मग म्हणाली,

"टीचर, हे मराठी नाही."

अक्का, हे वाक्य दोनदा वाच.

ती म्हणाली, "आमच्या घरात माणसाला कुणी 'मेले' म्हणत नाही, 'गेले' म्हणतात. आणि हे आज्जांच्याच फोनवरून आलंय. आज्जा स्वतःला 'मी' म्हणतात. 'आज्जा' म्हणतात ते फक्त वेदश्रीशी बोलताना. हे कन्नड आहे. आज्जा वर आहेत."

ग्रुपवर आपली सगळी मोठी माणसं. तुम्ही, आम्ही, मुंबईचे, गोव्याचे. त्यातल्या कुणाला जे वाचता आलं नाही, ते पंधरा वर्षांच्या पोरीने आज्जाच्या मरणाच्या बातमीत वाचलं. मी तिला कसलं मराठी शिकवणार? मला दोन्ही भाषा येतात म्हणून मी मिरवत होतो. त्या दोन भाषांच्या फटीत मी पडलो होतो, आणि तिने मला तिथून उचललं.

तिने मला फोन लावला. वाजला, कुणी घेतला नाही. मग जयलक्ष्मीला लावला. "आंटी, अज्जा एल्लि?"

"मेले इदारे." वरती आहेत.

टीचर म्हणाल्या, हे ऐकून वर्गातली पोरं टाळ्या वाजवायला निघाली. नेत्राने हात वर करून त्यांना थांबवलं. ग्रुपवर 'खाली आलो' कुठेच नव्हतं. तिने विचारलं, "खाली आले का?"

"अजून नाही."

तेव्हा ती ओरडली, "आंटी, धावा. आत्ता वर जा."

आता जे तुझ्यापासून लपवत होतो ते लिहितो. प्रकृती उत्तम, असं वर लिहिलंय ते खोडत नाही, पण खरं नाही.

मी टाकीच्या आडोशाला पडलो होतो. वेदश्रीला ओरडून वळलो आणि डोळ्यांपुढे काळं झालं. पाय गेले, जीभ जड झाली. फोन कठड्यावर वाजत होता. हात पुरला असता, पण हात उचलत नव्हता. थांबायचा, पुन्हा वाजायचा. ते तुमचे फोन होते, अक्का. तुम्ही माझ्या मरणाची खात्री करत होता आणि मी पडल्या पडल्या ते ऐकत होतो. उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही रडायला बसलात. उत्तर आलं नाही म्हणून तिने माणूस वर पाठवला. फरक एवढाच.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ उन्हात राहिलो असतो तर... आणि ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. रक्तदाबाची गोळी चालू झालीय. चक्कर दिवाळीपासूनच येत होती. 'वर जातोय', 'खाली आलो' हे त्यासाठीच. एवढं बोललो नाही, कारण महेशला कळलं असतं तर त्याने मला गावी नेलं असतं आणि माझ्याबरोबर नेत्राची शाळाही सुटली असती. आज हे तुला लिहून मी तीच भीती तुझ्या हातात देतोय. पण हे लपवलं तर तिने काय केलं ते तुला कळणार नाही.

काल तिचा हात धरून मी शाळेत गेलो, टीचरांची माफी मागायला. सुमंत मला बघून पाया पडला, जसं भूतच आलंय. म्हणाला, "अज्जा, आता मीपण पेटीत ठेवतो." मग मी ती पेटी पाहिली. कबुतरांच्या खणांसारखे खण, प्रत्येकावर नाव. एवढे फोन, आणि एकही वाजत नव्हता. तारिहाळच्या कारखान्यात रंगाच्या खात्यात जाताना आम्ही काड्यापेटी आणि विडी गेटवर काढून ठेवायचो, ते आठवलं. पण आमच्यावर पहारेकरी होता. ह्या पोरांवर कोण आहे? शाळा सुटल्याची घंटा झाली. एकेक जण आला, आपला फोन घेतला आणि तसाच खिशात टाकून फाटकाकडे गेला. कुणी ढकललं नाही, कुणी आतच उघडून बघितला नाही. मी हात जोडून उभा होतो, ते नेत्राने सांगितल्यावर मला कळलं.

पेटीच्या झाकणावर मुलांनी कन्नडमध्ये लिहिलंय, 'केळि, आमेले हेळि.' आधी विचारा, ऐका, मग सांगा. त्यातही एक 'मेले' आहे बघ. नेत्राने बोट ठेवून दाखवलं आणि हसली. किती दिवसांनी हसली.

अक्का, महेशला थांबव. त्याने यावं, पण न्यायला नको, भेटायला यावं. सरितालाही आणावं, पोरीला आईची आठवण येते. मी एकटा गच्चीवर जाणार नाही. मिरच्या अंगणात उतरवल्यात. जयलक्ष्मी लक्ष ठेवते, आणि शाळेच्या ऑफिसचा नंबर मी पाठ केलाय, उलटाही म्हणून दाखवीन. मला गावी आणायचंच असेल तर मला एकट्याला आण, मी गुपचूप येतो. तिला इथेच राहू दे.

काय ठरवशील ते फोनवर नको. तुझ्या हाताने लिही. पण लिहिण्याआधी एकदा तिला विचार, ऐक, आणि मग सांग.

सगळ्यांना आशीर्वाद. तुझ्या पायांवर डोकं.

तुझा परशा,
सध्या खालीच आहे.