अक्काच्या हातावरची ओली पट्टी

बेंगळुरू

ती. दगडाअक्काच्या पायावर धाकट्या आकारामचं डोकं.

माझा कारखाना जोरात चाललाय, काळजी नको. तुझी सून राणी सांगत होती, तुझ्या भाजलेल्या हातासाठी धाडलेली जेलची पट्टी तू उन्हात वाळवलीस म्हणं! अगं, ती ओलीच असते. वाळली की पापडासारखी मोडते. ओली असली की बोट वाकवलं तरी कातडीसंगं ताणली जाते, फाटत न्हाई. आमी कारखान्यात ह्याच पट्ट्या बनवतो, मशीनवर दिवसभर ओढूनच बघतो. नवी कुंडलला कुरिअरनं धाडलीय. डॉक्टरांकडूनच बांधून घे.

दाजींचा खोकला कसा हाय?

परवा फोनवर "पडून हाय" म्हणालीस, पण भाकरी थापल्याचा आवाज मला आला. राणी तर रानात होती! काठवट तिच्याकडं दे. बोटं नीट मिटू लागली की खुशाल थाप, मी फोन कानाला लावून ऐकत बसतो.

तुझाच,
आकाराम